पाडसाने खाल्लेला मका आणि कुंपणातली तार



दिवेलागणीला पोरगे मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसले की घरोघरी एकच ओरड ऐकू येते : "ठेव तो फोन, नाहीतर चुलीत घालीन!" मीही अनेकदा हेच म्हटले आहे. पण त्याच फोनवर गोष्ट ऐकता ऐकता एका सातवीतल्या मुलाने आपल्या घरावर येऊ घातलेला अनर्थ टाळला. ती हकीकत आज सांगायची आहे.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. आमच्या घरी शिक्षकी पेशा आहे. सौभाग्यवतींनी पाचवी ते सातवीच्या मुलांचा फोनवर एक वाचनगट केला. काही मुले उल्हासनगरची, काही अंबरनाथची आणि काही बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या पाड्यांवरची. शाळा उघडल्या तरी मुले गट मोडू देईनात. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी तासभर वाचन चालते. पुस्तके बहुतेक प्राण्यांची. मी शेतकी पदवीधर आणि विस्ताराच्या नोकरीत जन्म गेलेला, म्हणून जनावरांविषयी शंका निघाली की हाक मला.

घोड्याचे मनोगत

पहिले पुस्तक घेतले ते 'ब्लॅक ब्यूटी'. इंग्लंडच्या अ‍ॅना स्यूअल या बाईंनी १८७७ साली लिहिलेली ही कादंबरी. यात घोडा स्वतःच आपली कथा सांगतो. गाडीच्या घोड्याची मान रुबाबदार दिसावी म्हणून त्या काळी लगाम वर ताणून बांधीत. त्याने घोड्याचे काय हाल होतात ते बाईंनी घोड्याच्याच तोंडून वदवले आणि लोकांचे डोळे उघडले. पाड्यावरच्या मुलांना हे चटकन उमगले. पुढच्या रविवारी एका मुलीने सांगितले, "आमच्या ढवळ्याचा खांदा सुजलाय. मी बाबांना दाखवला." जू नीट बसत नव्हते. ते तासून घेतले, बैलाला आराम दिला आणि पशुवैद्यकाकडून औषध आणले. घरात बैल रोज दिसत होता, पण त्याचा खांदा पुस्तक वाचल्यावर दिसला.

उल्हासनगरच्या मुलांचे वेगळेच. त्यांच्यापैकी दोघांनी बैल जवळून कधी पाहिलाच नव्हता. पाड्यावरच्या मुलांनी त्यांना वेसण, जू, शिवळ असे शब्द शिकवले. एरवी शहरातल्या पोरांपुढे गप्प बसणारी ही मुले त्या दिवशी गुरुजी झाली.

पाडसाची गोष्ट

मग आले 'पाडस'. मूळ पुस्तक अमेरिकेतल्या मार्जोरी किनन रॉलिंग्ज या लेखिकेचे, १९३८ सालचे. त्याला १९३९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. मराठीत ते 'सत्यकथा'चे संपादक राम पटवर्धन यांनी आणले. कथा फ्लॉरिडातल्या रानातल्या एका गरीब शेतकरी कुटुंबाची. आई, बाप आणि ज्योडी नावाचा एकुलता एक मुलगा. बापाला विषारी साप चावतो. विष ओढून घेण्यासाठी तो एक हरिणी मारतो आणि तिचे काळीज जखमेवर ठेवतो. तिचे पाडस पोरके होते. ज्योडी ते घरी आणून वाढवतो.

इथे मी मुलांना थांबवले. कादंबरीतला तो उपाय त्या काळच्या समजुतीचा आहे, आपण करायचा नाही. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला धीर देऊन, चावलेला भाग हलू न देता, तडक सरकारी दवाखाना गाठावा. सर्पविषावरची लस हेच त्यावरचे औषध. हे सगळ्या मुलांकडून पाठ करून घेतले.

पाडस मोठे होते आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागते. बाप दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. ज्योडी पुन्हा पेरणी करतो, कुंपण उंच करतो. पाडस तेही ओलांडून जाते. मका गेला तर वर्षभर खायचे काय? शेवटी पाडसाला मारायचे ठरते आणि शेवटची गोळी ज्योडीलाच घालावी लागते.

वाचन संपले तेव्हा फोनवर कोणी बोलेना. मग उल्हासनगरचा एक मुलगा रागाने म्हणाला, "त्याचे आईबाप वाईट होते." त्यावर पाड्यावरचा सातवीतला मुलगा म्हणाला, "वाईट नव्हते. तुमचा दाणा दुकानातून येतो. आमच्या भातात डुकरे शिरली की आई रडते." आणि पुढे सहज बोलून गेला, "म्हणून यंदा बाबांनी कुंपणाच्या तारेत रात्रीचा करंट सोडलाय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

बांधावरची बोलणी

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या पाड्यावर गेलो. दसरा उलटून गेला होता. हळवे भात पिवळे पडून कापणीला आलेले, आणि दोन खाचरे डुकरांनी लोळून भुईसपाट केलेली. मुलाचे वडील आधी बोलेनात. मग म्हणाले, "साहेब, तुमचा पगार एक तारखेला होतो. माझा पगार हा असा आडवा झालाय. पुस्तकातल्या माणसाने बंदूक उचलली, ती तुम्हाला चालली. माझी तार तेवढी दिसली?"

खरे सांगतो, मला चटकन उत्तर सुचले नाही. त्यांचे नुकसान खोटे नव्हते. उत्तर दिले ते मुलाने. तो म्हणाला, "बाबा, ज्योडी पाडसाच्या मागे मागे शेतात जायचा. त्याच्या बापाने करंट लावला असता तर आधी ज्योडीच मेला असता. मी पण रात्री तुम्हाला भाकरी घेऊन येतो ना?"

बापाने मुलाकडे पाहिले आणि काही न बोलता तारेचा आकडा काढून टाकला.

त्या दिवशी बांधावर बसून जे बोललो ते सर्वांच्या उपयोगाचे आहे :

घरगुती वा खांबावरची वीज कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे. तारेला जनावर आणि माणूस कळत नाही. बैल, शेजारी, आपलेच लेकरू, कोणीही सापडते. रानडुक्कर विनापरवाना मारणे हाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

बॅटरीवरचे किंवा सौर झटका कुंपण वेगळे. त्यात क्षणभराचा झटका थांबून थांबून बसतो. जनावर बिचकून मागे फिरते, मरत नाही. पण ते चांगल्या कंपनीचे तयार यंत्र हवे, घरी जोडलेले नव्हे.

भात पोटरीत येण्यापासून कापणीपर्यंत शेजारच्या शेतकऱ्यांनी पाळी लावून राखण करावी. एकट्याचा माळा पहाटे झोपतो, चौघांचा जागा राहतो.

नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत जवळच्या वन खात्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. सोबत सातबारा जोडावा, पिकाचे फोटो काढून ठेवावेत आणि पंचनामा होईपर्यंत पीक हलवू नये. "कोण खेटे घालणार?" म्हणून पुष्कळ जण अर्जच करीत नाहीत.

हे सांगून सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. चार रात्रींनी डुकरे पुन्हा आली आणि आणखी एक कोपरा घेऊन गेली. त्या गृहस्थांनी या वेळी अर्ज केला. भरपाई मिळाली ती नुकसानीच्या मानाने थोडी, आणि तीही उशिरा. पण घरातली सगळी माणसे दिवाळीला घरात होती. पाडव्याला मुलाने आपल्या बैलांची शिंगे रंगवून त्यांचा फोटो गटावर टाकला. त्याखाली उल्हासनगरच्या त्या रागावलेल्या मुलाने लिहिले, "तुमचे भात किती वाचले?"

हा प्रश्न शहरातल्या पोराने विचारला, यात मला सारे काही मिळाले.

घरी एवढे करा

जेवणे झाल्यावर अर्धा तास मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि आपण ऐका. वाचता येत नसले तरी ऐकता येतेच. पुस्तक गावच्या ग्रंथालयात नाहीतर शाळेत मागा. वाचून झाले की तीनच गोष्टी विचारा : जनावराला काय हवे होते? माणसाला काय हवे होते? दोघांचे जमले नाही तेव्हा कोणी काय गमावले? उत्तर चुकले म्हणून रागावू नका. मोठ्यांना वाचायचे असेल तर व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' घ्या. वानरांच्या टोळ्यांवरच्या या कादंबरीला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. ती मात्र लहानांसाठी नव्हे.

जनावरांत आपले आयुष्य जाते. त्यांच्यावर पुस्तक कशाला, असे मलाही वाटे. आता वाटत नाही. मुलगा वाचत असेल तर चुलीत फोन घालण्याआधी एकदा विचारा, "बाळा, काय वाचतोस? मला पण सांग."