विश्लेषण : सेफ्टी हार्नेस अंगात आहे, पण हुक कुठे अडकवला?

परांचीवरचे रंगारी, सेंट्रिंगचे मजूर, मोबाइल टॉवरवर चढणारे तंत्रज्ञ यांच्या अंगात सेफ्टी हार्नेस दिसतो. पण अनेकदा त्याची दोरी पाठीमागे नुसतीच लोंबकळत असते. हार्नेस ही साखळी आहे. तिची एक कडी निसटली तरी बाकीच्यांचा उपयोग उरत नाही.

कमरेचा पट्टा पुरेसा का नाही?
नुसत्या कमरपट्ट्यात पडण्याचा सगळा झटका पोट आणि मणक्यावर येतो. माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत बांधकामावर पडणाऱ्याला रोखण्यासाठी असा पट्टा वापरण्यास १ जानेवारी १९९८ पासून मनाई आहे. पूर्ण अंगाच्या हार्नेसमध्ये खांद्यांचे आणि मांड्यांचे पट्टे झटका वाटून घेतात. छातीचा पट्टा खांद्यांचे पट्टे जागेवर धरतो.

डी-रिंग कशासाठी?
पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध असलेल्या धातूच्या कडीला डी-रिंग म्हणतात. दोरी इथे जोडली, तर पडलेला माणूस डोके वर राहून लटकतो. कमरेच्या बाजूच्या कड्या खांबावर टेकून काम करण्यासाठी असतात, पडणे रोखण्यासाठी नव्हे.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर काय करतो?
दोरीला, म्हणजे लॅनयार्डला, शिवलेल्या घडीची एक छोटी पिशवी असते. झटका बसताच तिची शिवण उसवत जाते आणि वेग हळूहळू कमी होतो. युरोपीय मानकानुसार हा झटका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलो भाराच्या आत राहायला हवा.

हुक कुठे अडकवायचा?
शक्यतो डोक्याच्या वर आणि भक्कम आधाराला. पाण्याचा पाइप, खिडकीचे गज किंवा परांचीचा सैल बांबू हा आधार नव्हे. हुक पायाशी अडकवला तर हिशेब असा : दोरी २ मीटर, अ‍ॅब्सॉर्बर उलगडून जास्तीत जास्त १.७५ मीटर, डी-रिंगपासून पायांपर्यंत साधारण १.५ मीटर आणि राखीव १ मीटर. म्हणजे खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर ती मिळत नाही. दोरी ताणण्याआधीच माणूस जमिनीवर आदळू शकतो. जागा बदलत काम करताना दोन हुकांची दोरी घ्यावी. एक सोडण्याआधी दुसरा अडकवावा.

चढण्यापूर्वी काय पाहावे?
पट्ट्यावर चीर, ठिणगीने जळल्याचे डाग, रंग किंवा आम्ल सांडल्याच्या खुणा, उसवलेली शिवण, आपोआप बंद न होणारा हुक. लेबलवर भारतीय मानक आयएस ३५२१ आणि उत्पादनाची तारीख पाहावी. एकदा पडणे झेललेला हार्नेस आणि दोरी वरून धडधाकट दिसली तरी पुन्हा वापरू नये.

लटकल्यावर पुढे काय?
हार्नेसने वाचवलेला माणूसही धोक्याबाहेर नसतो. मांड्यांचे पट्टे दाबले जाऊन रक्त पायांत साठते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्यामुळे त्याला खाली कोण आणि कसे उतरवणार, हे ठेकेदाराने आणि मुकादमाने काम सुरू होण्याआधीच ठरवलेले असले पाहिजे.