गावाच्या आरोग्याचा पैसा: कुणाचा आणि कशासाठी?

हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीचे नाव महाराष्ट्रभर झाले ते डासांचा बंदोबस्त केल्यामुळे. गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, सांडपाणी दारातच जमिनीत मुरवले आणि उघड्या नाल्यांची गरजच संपवली. पुढे नांदेड जिल्हा परिषदेने रोजगार हमीच्या पैशातून हेच काम जिल्हाभर नेले आणि ते ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखले गेले. इतके जवळचे उदाहरण असूनही तालुक्यात आरोग्याच्या निधीचा विषय निघाला की ऐकू येते, ‘आपल्या गावाला कोण देतंय?’

पहिला गैरसमज इथेच आहे. आरोग्याचा निधी अर्ज-विनंत्या करून, पुढाऱ्याच्या ओळखीने आणावा लागतो असे लोक धरून चालतात. वस्तुस्थिती अशी की 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून प्रत्येक महसुली गावासाठी समिती आणि तिच्या हाती थोडा पैसा ही व्यवस्था आहे. समितीचे नाव लांबलचक: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. निधीचे केंद्राने ठरवलेले मूळ प्रमाण वर्षाला गावामागे 10,000 रुपये. याला अबंधित निधी म्हणतात. आशाताई आणि सिस्टर त्याला सरळ ‘अनटाइड’ म्हणतात. तो कोणत्या कामावर खर्च करायचा हे वरून ठरवून येत नाही, ते समितीने बैठकीत ठरवायचे असते.

‘ते पैसे सरपंचाचे’ आणि ‘ते आशाताईचे मानधन’ ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. आशांचा मोबदला वेगळ्या मार्गाने येतो. समितीच्या खात्यातली रक्कम एकट्याच्या सहीने निघत नाही, अध्यक्ष आणि सचिव अशा दोघांच्या सह्या लागतात. केंद्राच्या सूचनेप्रमाणे समितीत किमान 15 सदस्य हवेत आणि त्यांत निम्म्या महिला. वाड्या-तांड्यांचे आणि वंचित समाजांचे लोकही त्यात असलेच पाहिजेत. आपल्याकडे हा मुद्दा फार मोलाचा आहे. महसुली गावाच्या नावाने निधी येतो आणि गावापासून लांब असलेला बंजारा तांडा किंवा आंध आदिवासींची वाडी बैठकीच्या निरोपाबाहेर राहते. तांड्यावरची बाई समितीत नसेल, तर बाळंतपणासाठी निघालेल्या बाईला पावसाळ्यात डांबरी रस्त्यापर्यंत कसे आणायचे हा प्रश्न बैठकीत येणारच कसा? रुग्णवाहिका फुकट आहे हे खरे, पण ती जिथवर पोहोचत नाही तिथला पल्ला गावालाच पार करावा लागतो. अशा वेळी हा निधी उपयोगी पडतो. एखाद्या निराधार कुटुंबाची उपचाराची तातडीची गरजही त्यातून भागवता येते.

मग ‘दहा हजारांत काय होतंय?’ या प्रश्नाकडे येऊ. तो रास्त आहे. दीड हजार वस्तीच्या गावात हा आकडा माणसामागे वर्षाला सात रुपयेही भरत नाही. एवढ्यात गाव निरोगी होईल असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आहे, आणि ही रक्कम वाढायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. पण गावाच्या आरोग्याचा पैसा एवढाच असतो हेही खरे नाही. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. शोषखड्डा रोजगार हमीत बसतो. उपकेंद्राचे आरोग्यवर्धिनी केंद्र झाले असेल, तर त्याला वर्षाला 50,000 रुपयांचा स्वतंत्र अबंधित निधी ठरलेला आहे, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या जन आरोग्य समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. समितीचे दहा हजार हाताशी असतात ते चटकन करायच्या कामांना: हापशाभोवतीचा चिखल काढणे, पाणी साचलेले डबके बुजवणे, अंगणवाडीचा बिघडलेला वजनकाटा दुरुस्त करून घेणे. मोठे काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायचे, पण ते हवे आहे हे आधी समितीने म्हणायला हवे.

डासांबाबतही एक समज खोडून काढायला हवा, कारण त्यावर पैसा वाया जातो. नाली साफ केली, धूर फवारला की डेंग्यू गेला असे वाटते. सांडपाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स डास, हत्तीरोगाचा. डेंग्यूचा एडिस घरातल्या स्वच्छ साठवणीत, रांजणात, हौदात, कुलरमध्ये, टाकून दिलेल्या टायरमध्ये वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासायची असतात. त्याला निधी लागतच नाही. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून रांजण भरून ठेवावे लागतात, त्यामुळे पाण्याची वेळ बांधून घेणे हेही डेंग्यूवरचेच काम आहे.

सर्वांत नुकसान करणारा समज मात्र वेगळाच. ‘खर्च केला की चौकशी लागते, त्यापेक्षा पैसा खात्यात राहिलेला बरा.’ ही भीती मला समजते. ज्या बाईने आयुष्यात कधी बिल सांभाळलेले नाही तिच्या हाती पासबुक आणि व्हाउचर देऊन आपण तिला एकटे सोडतो. पण शिल्लक राहिलेला पैसा गावाची पुंजी होत नाही. पुढच्या वर्षी भर पडते ती आधीचा खर्च पाहून. पडून राहिलेली रक्कम पुढच्या निधीतून वजा होते. हिशेब ठेवणेही अवघड नाही: बैठकीचा ठराव, पावती, वहीत नोंद आणि वर्षाअखेर उपयोगिता प्रमाणपत्र. ग्रामसेवकाने आणि उपकेंद्राच्या सिस्टरने एक दुपार काढून हे शिकवले तर भीती जाते.

‘आरोग्य म्हणजे गोळ्या-औषधे’ या समजाबद्दल थोडक्यात सांगतो. औषधे सरकारी पुरवठ्यातून येतात, हा निधी त्यासाठी नाही. मनाचे आरोग्यही समितीच्या कामात बसते. कर्जाने खचलेल्या घरात आशाताईने वेळेवर जाणे, 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक शाळेच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर रंगवणे, हे खर्चाने किरकोळ पण मराठवाड्यात अत्यंत गरजेचे काम आहे.

शेवटचा समज असा की हिशेब विचारणे म्हणजे भांडण उकरणे. महाराष्ट्रात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच सेवांची पाहणी करून गुणपत्रके भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. विचारणे ही त्या व्यवस्थेचीच एक पायरी होती. तुमच्या गावातही समितीचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. तिथे उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

येत्या ग्रामसभेला जा आणि समितीची मागची बैठक कधी झाली, खात्यात किती शिल्लक आहे, एवढे विचारा. बैठक झालीच नसेल तर पुढची तारीख तिथेच ठरवून घ्या, आणि तांड्यावर निरोप कोण देणार तेही.