फळ्यावरचे धुके

मी इयत्ता चौथीत आहे.

तिसरीपर्यंत मला वाटायचे की फळा सगळ्यांनाच असा दिसतो. पावसाळ्यात आपला समोरचा डोंगर दिसतो ना, धुक्यातला, तसा. म्हणून मी कुणाला सांगितलेच नाही. दुसऱ्याला कसे दिसते ते मला काय ठाऊक? मी शेजारच्याच्या वहीत बघून लिहायचो. मुले मला कॉपीवाला म्हणत. रत्नागिरीच्या एस.टी.ची पाटी मित्र वळणावरूनच वाचत, मला मात्र गाडी पुढ्यात उभी राहिली की कळे. दगडाने कैरी पाडायला माझा नेम एकदासुद्धा लागला नाही.

मग शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यातले डॉक्टर शाळेत येऊन मुलांना तपासतात. त्यांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. असा तक्ता हॉलंड देशातल्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली केला. तो ६ मीटरवरून, म्हणजे सुमारे २० फुटांवरून, एकेक डोळा झाकून वाचायचा. मला फक्त वरचे मोठे अक्षर आले. कागदावर ६/६० लिहिले. म्हणजे चांगल्या डोळ्यांना जे ६० मीटरवरून दिसते, त्याच्यासाठी मला ६ मीटरवर यावे लागते. (हा गणितातला अपूर्णांक नाही. मी त्याचे १/१० केले तर डॉक्टर हसले.)

असे का होते? लांबच्या वस्तूचे चित्र डोळ्यातल्या पडद्यावर पडायला हवे, ते अलीकडेच पडते. चष्म्याचे अंतर्गोल भिंग त्याला मागे पडद्यावर नेते. चष्मा लावला तेव्हा मला आंब्याच्या झाडाची पाने सुटी सुटी दिसली. मला वाटायचे झाड म्हणजे एक हिरवा ढीग!

पालकांनो, मूल पुस्तक नाकाला लावते का, डोळे बारीक करून किंवा मान वाकडी करून बघते का, सारखे डोके दुखते म्हणते का, ते बघा. दिवेलागणीला अडखळत असेल तर तो रातांधळेपणा असू शकतो. तो अ जीवनसत्त्व कमी पडल्याने होतो. शेवग्याचा पाला, पपई आणि पिकलेला आंबा यांत ते असते, पण तरी दवाखान्यात दाखवायचेच. आणि डोळ्याच्या बाहुलीत पांढरे दिसले तर एक दिवससुद्धा थांबायचे नाही.

एकाच डोळ्याचा दोष फार फसवतो, कारण दुसरा डोळा सगळे काम करतो. माझी धाकटी बहीण ५ वर्षांची आहे. तिचा डावा डोळा थोडा तिरळा आहे. आजी म्हणायची, तिरळा डोळा भाग्याचा. एकदा खेळताना मी तिचा डावा डोळा झाकला, ती हसली. उजवा झाकला तर माझा हात ओढून रडायला लागली. मी लगेच आईला सांगितले. बाबा तिला रत्नागिरीला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूने डाव्या डोळ्याचे ऐकणे सोडले आहे. आता उजव्या चांगल्या डोळ्यावर रोज २ तास पट्टी लावायची, म्हणजे डावा काम करील. लहानपणी हा उपाय चांगला लागू पडतो, मोठेपणी कठीण.

आजी पहिल्यांदा रागावली. आता पट्टी तीच लावते.

आज २२ दिवस झाले. काल बहीण पट्टी लावून ओटीवर बसली होती. म्हणाली, "दादा, अंगणात दोन कोंबड्या आहेत." होत्या तीन, पण एक तुळशीच्या मागे होती.