हुमणीचा भुंगेरा पकडा, ढालकिड्याला सोडा

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की दिवेलागणीनंतर कडुनिंब, बाभूळ, बोरीवर तपकिरी भुंगेऱ्यांची गर्दी होते. हा हुमणीचा भुंगेरा. मावा पडलेल्या पिकावर मात्र दुसराच फिरत असतो: लाल-केशरी, काळ्या ठिपक्यांचा, जेमतेम मुगाएवढा ढालकिडा. जात दोघांचीही भुंगेऱ्याचीच. वरचे पंख टणक, खालचे पातळ. बाकी सगळं उलटं.

हुमणीचा भुंगेरा रात्री झाडाचा पाला खातो, तिथेच नर-मादी जमतात आणि मादी जमिनीत शिरून अंडी घालते. खरा घात अळी करते. पांढरट, तांबूस डोक्याची, अर्धगोल वाकलेली ही अळी ऊस, भुईमुगाची मुळं कुरतडते. पीक पिवळं पडतं, शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. पण ऊस ओढला तर सहज हातात येतो, तेव्हा कळतं. तोवर उशीर झालेला असतो, कारण खोल गेलेल्या अळीपर्यंत औषध पोचवणं अवघड.

हुमणीची पिढी पूर्ण व्हायला वर्ष लागतं. म्हणून भुंगेरे बाहेर येतात तेवढे दिवसच हाताशी. अंधार पडल्यावर फांद्या काठीने हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. हे एकट्या-दुकट्याचं काम नाही. भुंगेरे उडतात, त्यांना कुणाचा बांध कळत नाही. अख्ख्या शिवाराने एकाच वेळी करायला हवं.

ढालकिड्याची पिवळी अंडी पानावर पुंजक्याने उभी असतात. अळी काळपट, केशरी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी. घोटाळा इथेच होतो. दिसायला ओंगळ म्हणून तिलाच कीड समजतात आणि पंप पाठीवर चढतो. खरं तर ही अळीही मावा खाते आणि भुंगेराही. सरसकट फवारणीत दोघंही मरतात. मावा मात्र झपाट्याने पुन्हा वाढतो, ढालकिडा परत यायला वेळ लागतो. म्हणून आधी पान उलटून बघावं. माव्यात ढालकिडे भरपूर दिसले तर चार दिवस थांबायला हरकत नाही.

वांग्यावर मात्र जरा जपून. तिथे २८ ठिपक्यांचा, मळकट तांबूस भुंगेरा येतो. तो ढालकिड्याचाच भाऊबंद, पण पानं खाणारा. त्याच्या अळ्या पिवळ्या, काटेरी असतात आणि पानाची चाळण झालेली दिसते.