एक्स-रेच्या पलीकडची माणसं

पिंगळी हे माझं गाव. परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणारं लहानसं स्टेशन. एक्स्प्रेस गाड्या धूळ उडवून निघून जातात, थांबते ती पॅसेंजर. नोकरीसाठी रोज असं जाणं-येणं करणाऱ्याला आमच्याकडे ‘अप-डाउनवाला’ म्हणतात. बँकेतली बरीच वर्षं मी अप-डाउनवाला होतो. दिवसा पीककर्जाच्या फायली, रात्री कादंबरीचे कागद. आणि मनात कायमची एक रड : ही नोकरी नसती, तर काय काय लिहिलं असतं!

माझी ही रड एका डॉक्टरांनी बंद केली. त्यांची-माझी ओळख नाही. फक्त त्यांची चित्रं पाहिली.

जानेवारी २०२० मधली गोष्ट. लेकीकडे ठाण्याला गेलो होतो. ‘बाबा, इथल्याच एका डॉक्टरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलंय, चला,’ म्हणून ती मुंबईला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात घेऊन गेली. चित्रकार होते सुधीर पटवर्धन. ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ या नावानं त्यांचं जवळजवळ पाच दशकांचं काम तिथं एकत्र मांडलं होतं.

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. तिथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केलं. म्हणजे एक्स-रे काढायचे, काचेमागच्या उजेडावर फिल्म धरायची, कुठं मोडलंय ते सांगायचं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. जे शिकले ते स्वतःच. १९७९ साली दिल्लीत त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, जोगेन चौधरी, विवान सुंदरम, नलिनी मलानी यांच्या बरोबरीनं ते होते. अमूर्त चित्रांचा दबदबा असलेल्या त्या काळात, चित्रात माणसाला जागा द्या, असं सांगणारी ही मंडळी.

एवढं नाव झाल्यावरही पटवर्धनांनी दवाखाना सोडला नाही. आणखी चोवीस वर्षं तो चालू होता!

त्यांच्या चित्रांची नावंच पाहा. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१), ‘टाउन’ (१९८४), ‘लोअर परळ’ (२००१). राजा नाही, देव नाही, अप्सरा नाही. रोज दिसणारी जागा आणि रोज दिसणारी माणसं. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या थंडावल्या, धुराड्यांच्या शेजारी काचेचे मनोरे उठले. मुंबई-ठाण्याचं हे बदलणं त्यांनी वर्षानुवर्षं रंगवलं. पण बदलत्या शहरातही त्यांची नजर माणसाच्या अंगावर असते : खांदे कसे पडलेत, मान कशी अवघडलीय, पाय कसे रोवलेत. हाडं पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचीच ही नजर.

एक्स-रेच्या फिल्ममध्ये चेहरा नसतो. तिथं हमाल आणि शेठ सारखेच. मला वाटतं, दिवसभर बिनचेहऱ्याची माणसं तपासून संध्याकाळी हे डॉक्टर त्यांना त्यांचे चेहरे परत देत असावेत. नोकरी त्यांच्या चित्रांच्या आड आली नाही. उलट, नोकरीच्या वाटेवरच त्यांना चित्रं सापडली. रणजित होस्कोटे यांनी २००४ साली त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव आहे ‘द कॉम्प्लिसिट ऑब्झर्वर’. पाहणारा तर खरा, पण काठावर राहून नव्हे; जे चाललंय त्यात त्याचाही हात आहे.

त्या दालनात फिरताना मला आमच्या शाखेतला एक शेतकरी आठवला. दर पेरणीच्या तोंडावर तो कर्जाचं नवं-जुनं करायला यायचा. सातबारा पिशवीत, पिशवी पोटाशी. एकदा त्यानं काउंटरवर वाकून विचारलं, ‘‘सायब, तुम्ही पुस्तकं लिव्हता म्हनं. त्यात आमच्यावानी कोनी हाय का?’’

मी हसलो आणि पावती पुढं सरकवली.

तोवर माझ्या दोन कादंबऱ्या आल्या होत्या. एक पुण्याच्या वाड्यातली, दुसरी मुंबईच्या फ्लॅटमधली. पुण्याच्या वाड्यात मी एक रात्रसुद्धा काढलेली नव्हती! आणि ज्यांच्या अंगठ्याचे ठसे मी तीस वर्षं तपासले, त्यांच्यावर एक ओळ नाही. कुणाच्या जमिनीवर किती बोजा आहे, कुणी कुणाला जामीन राहून पस्तावलं, कुणाच्या लेकीचं लग्न कोणत्या हप्त्यात अडकलं, सगळं ठाऊक होतं. तीही एक फिल्मच होती. मी ती वाचली, शेरा मारला, फायलीत लावली. डॉक्टरांना वेळ कमी होता आणि मला जास्त, असं तर नव्हतं. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं नाही.

पटवर्धन २००५ नंतर पूर्णवेळ चित्रकार झाले. मीही निवृत्त होऊन आता पिंगळीत असतो. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं मी वेळ मिळूनही कोराच होतो. रड मात्र संपली होती, कारण बहाणाच उरला नव्हता.

मुंबईहून परतल्यावर त्या शेतकऱ्याची चौकशी केली. तो वारला होता. मुलगा भेटला. चहा झाला. पिशवी खुंटीला तशीच होती, सातबारा आत.

आता सकाळच्या पॅसेंजरच्या वेळी मी स्टेशनवर जाऊन बसतो. अप-डाउनवाले येतात, उभे राहतात, डब्यात चढतात. कोण कसा उभा राहतो, ते वहीत टिपतो. नवी कादंबरी पोटाशी पिशवी धरून रांगेत उभ्या असलेल्या एका माणसापासून सुरू होते. पासष्टी ओलांडल्यावर सुरुवात, म्हणून घरचे हसतात. हसू देत. त्या काउंटरवरच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.