पंधरा डॉलरची जोडणी

न्यूयॉर्क राज्याने एप्रिल २०२१ मध्ये अर्थसंकल्पाबरोबरच एक छोटासा कायदा मंजूर करून घेतला आणि १६ तारखेला गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी त्यावर सही केली. राज्यात इंटरनेट पुरवणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीने गरीब घरांसाठी स्वस्त योजना ठेवलीच पाहिजे, एवढेच त्याचे सांगणे होते. महिना १५ डॉलरमध्ये किमान २५ एमबीपीएस, नाहीतर २० डॉलरमध्ये २०० एमबीपीएस. कर, अधिभार, मोडेमचे भाडे सगळे त्यातच धरून. पात्रता ठरवण्यासाठी दारिद्र्याचे नवे दाखले मागितले नव्हते. मुलांना शाळेत फुकट किंवा सवलतीचे जेवण मिळते, घरात फूड स्टॅम्प किंवा मेडिकेडचा लाभ चालू आहे, घरातल्या वृद्धांना वा दिव्यांगांना भाडेवाढीतून सूट आहे, यांपैकी एखादी गोष्ट पुरे होती. अशी सुमारे २७ लाख घरे निघतील, असा सरकारचा अंदाज होता. अंमल १५ जून २०२१ पासून व्हायचा होता. तो झाला १५ जानेवारी २०२५ ला. मधल्या साडेतीन वर्षांत वॉशिंग्टनमध्ये याच कामासाठी एक प्रचंड अनुदान योजना जन्मली, फोफावली आणि संपलीसुद्धा. दोन्ही हकिकती शेजारी ठेवल्या की एक निष्कर्ष टाळता येत नाही. गरिबाला परवडणारा दर तिजोरीतून विकत घेतला, तर तिजोरी उघडी असेपर्यंतच तो टिकतो. धंद्याची अट म्हणून घातला, तर रुजायला फार वेळ लागतो, पण रुजल्यावर त्याला पुढच्या अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसावे लागत नाही.

प्रश्न महामारीने निर्माण केला नाही, चव्हाट्यावर आणला. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे शाळा बंद होण्याच्या दोन महिने आधी, न्यूयॉर्क शहराने आपला इंटरनेट आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २९ टक्के घरांमध्ये ब्रॉडबँड नसल्याची नोंद होती आणि घरचेही नाही, मोबाइलवरचेही नाही, असे १५ लाखांहून अधिक लोक होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकात, जिथे रस्त्याखालून फायबर गेलेले आहे, तिथली ही अवस्था. तार दारापर्यंत आलेली होती, अडत होते ते महिन्याच्या बिलावर. साध्या वेगवान जोडणीला सरासरी ५० डॉलरहून जास्त पडतात, असे कायद्यावर सही करताना कुओमो यांच्या कार्यालयाने म्हटले होते. मग मार्च २०२० मध्ये अकरा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची शाळा पडद्यावर गेली, आणि आतापर्यंत चैन समजल्या जाणाऱ्या वस्तूला वीज-पाण्याच्या रांगेत बसवणे भाग पडले. अमेरिकेला हा विचार नवखा नव्हता. दळणवळण शक्यतो सर्व लोकांना वाजवी दरात मिळावे, हे तिथल्या १९३४ च्या कायद्यातच आहे, आणि गरीब घरांच्या टेलिफोन बिलात सवलत देणारी लाइफलाइन योजना रेगन यांच्या काळात, १९८५ मध्ये सुरू झाली. इंटरनेट मात्र या परंपरेबाहेर वाढले.

कायद्यावरची शाई वाळायच्या आत, ३० एप्रिल २०२१ ला, दूरसंचार कंपन्यांच्या संघटना फेडरल न्यायालयात गेल्या. अंमल सुरू व्हायला चार दिवस उरले असताना न्यायाधीश डेनिस हर्ली यांनी मनाई हुकूम दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दर ठरवून देणे म्हणजे कंपनीला सार्वजनिक वाहकासारखे वागवणे, आणि ब्रॉडबँडला तसे वागवायचे नाही, असे केंद्राने ठरवले असताना राज्याने मागच्या दाराने ते करू नये. हा युक्तिवाद वरवर पाहता पक्का वाटतो. त्याच्यातली खोट कळायला डिसेंबर २०१७ कडे जावे लागते. त्या महिन्यात अजित पै अध्यक्ष असलेल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, ब्रॉडबँडला ‘दूरसंचार सेवा’ या कप्प्यातून काढून ‘माहिती सेवा’ या कप्प्यात टाकले. नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे सर्व संकेतस्थळांना सारखी वागणूक देण्याचे, नियम रद्द करण्यासाठी हे आवश्यक होते आणि मोठ्या कंपन्यांनी त्याचे स्वागत केले. पण दूरसंचार सेवेच्या दरांवर एफसीसीला अधिकार असतो, माहिती सेवेच्या नसतो. आयोगाने नियंत्रण सोडले तेव्हा अधिकारही सोडला, आणि जो अधिकार स्वतःकडे नाही तो वापरून राज्यांना कसे अडवणार? वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये, २०१७ च्या या निर्णयाला आव्हान देणाऱ्या मोझिला प्रकरणात, हेच सांगितले होते. न्यूयॉर्कच्या बाबतीत २६ एप्रिल २०२४ ला दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तेच सांगून मनाई उठवली. न्यायाधीश ॲलिसन नेथन यांच्या निकालपत्राचा गाभा इतका सरळ आहे, की तीन वर्षे का लागली असा प्रश्न पडतो. रिचर्ड सलिव्हन यांनी भिन्नमत नोंदवले. आंतरराज्य दळणवळणाच्या दरांचे क्षेत्रच मुळात केंद्राचे, अशी त्यांची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२४ ला कंपन्यांची याचिका ऐकायला नकार दिला. पुढच्याच महिन्यात, २ जानेवारी २०२५ ला, सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने एफसीसीचे नव्याने आणलेले नेट न्यूट्रॅलिटी नियम रद्द केले. ब्रॉडबँड पुन्हा ‘माहिती सेवा’ ठरली आणि कंपन्यांच्या या आणखी एका विजयाने न्यूयॉर्कच्या कायद्याखालची जमीन अधिकच घट्ट झाली.

तिकडे केंद्राने दुसरा मार्ग धरला होता. मे २०२१ मध्ये महामारीपुरती मदत म्हणून महिना ५० डॉलर सुरू झाले. वर्षाअखेरीस त्याचे रूपांतर ‘अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम’मध्ये झाले. एका घरामागे ३० डॉलर, आदिवासी भूमीवर ७५, आणि एकूण तरतूद १४.२ अब्ज डॉलर. पैसे कंपनीला मिळत, ग्राहकाच्या बिलातून तेवढे वजा होत. मे २०२२ मध्ये वीस कंपन्यांनी ३० डॉलरची योजना देण्याचे मान्य केले, म्हणजे लाभार्थ्याला जोडणी फुकटच. योजना यशस्वी झाली यात शंका नाही. २ कोटी ३० लाखांहून अधिक घरे तिच्यात आली, देशातल्या दर सहा घरांमागे जवळजवळ एक. एफसीसीच्या पाहणीत ६८ टक्के लाभार्थ्यांनी सांगितले, की आधी घरात इंटरनेट एकतर नव्हते किंवा अधूनमधूनच असे. उत्तरे लाभार्थ्यांचीच असल्याने थोडी वजावट करून घ्यावी, तरी आकडा लहान होत नाही. आणि मग पैसे संपले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली, १ जूनला योजनाच बंद झाली. मुदतवाढीच्या विधेयकावर दोन्ही पक्षांच्या खासदारांच्या सह्या होत्या, त्यांत ओहायोचे जे. डी. व्हान्सही होते, तरी ते विधेयक मतदानापर्यंत पोहोचले नाही. त्या तिमाहीत चार्टर कंपनीचे सुमारे दीड लाख इंटरनेट ग्राहक घटले आणि कंपनीने त्याचा संबंध अनुदान बंद होण्याशी जोडला. एक बारकावा इथे नजरेआड करू नये. ज्या उद्योगसंघटना न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्ध लढत होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणी अनुदान चालू राहावे म्हणून वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत होत्या. घर तेच, तार तीच, गरजही तीच. वाद गरिबाला इंटरनेट द्यायचे की नाही हा नव्हताच. बिलातला उरलेला भाग कोणाच्या खिशातून जाणार, हा होता.

कंपन्यांचे पहिले उत्तर असे, की स्वस्त योजना आम्ही आपणहून देतोच, सक्ती कशाला? योजना होत्या, हे खरे. कॉमकास्टची २०११ पासून होती, चार्टरची १४.९९ डॉलरची होती. पण त्या जन्मल्या कशा? एनबीसी-युनिव्हर्सल ताब्यात घेताना कॉमकास्टला आणि टाइम वॉर्नर केबल गिळताना चार्टरला नियामकांची मान्यता हवी होती, त्या सौद्यांच्या पोटातून. आपणहून दिलेल्या म्हणवणाऱ्या या सवलतीसुद्धा अटीचीच अपत्ये. शिवाय त्यांचे दार अरुंद होते. नुकतीच दुसरी जोडणी असेल तर नाही, जुनी थकबाकी असेल तर नाही, अमुक एका सरकारी योजनेतच नाव हवे. थोडक्यात, पोट कापून आधीच पूर्ण बिल भरणाऱ्या गरिबाला सवलत नव्हती. कायद्याने नेमका तोच ग्राहक आत घेतला, आणि कंपन्यांचा खरा राग तिथेच आहे. जोडणी नसलेल्या घराकडून १५ डॉलर आले तर ते वरकमाईच, कारण तार आधीच टाकलेली असते. साठ डॉलर भरणारे घर उद्या पंधरावर आले तर मात्र पंचेचाळीस जातात. हे नुकसान काल्पनिक नाही. पण ज्याची मिळकत फूड स्टॅम्पच्या मर्यादेत बसते त्याच्याकडून साठ डॉलर वसूल होत होते, यात कंपनीच्या हक्कापेक्षा ग्राहकाची लाचारी जास्त होती, असे माझे मत आहे.

दुसरे उत्तर स्पर्धेचे. दर सरकारने का ठरवावेत, चार कंपन्या आल्या की आपोआप उतरतील. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन पटेल. २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइल डेटा कवडीमोल झाला, तोही ट्रायने दर ठरवून न देता. पण ती हवेतून येणाऱ्या सेवेची गोष्ट आहे. घरापर्यंत तार न्यायची तर रस्ता खणावा लागतो, खांबांचे भाडे भरावे लागते, इमारतीच्या मालकाची परवानगी लागते; दुसरी कंपनी तेवढा खर्च करून गरीब वस्तीत येतेच असे नाही. अमेरिकेत कित्येक घरांना चांगल्या वेगाची एकच तार उपलब्ध आहे. आणि स्पर्धेने उतरवलेला दर पुन्हा चढतोही. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी एकाच आठवड्यात भाव वाढवले, तेव्हा सर्वांत गरीब ग्राहकासाठी खालची मर्यादा कुठेच लिहिलेली नव्हती.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: दर बांधून दिले की कंपन्या गुंतवणूक आवरतील, प्रसंगी बाजार सोडतील. जानेवारी २०२५ मध्ये एटी अँड टीने ते करून दाखवले. कायदा लागू होताच ‘इंटरनेट एअर’ ही घरगुती सेवा न्यूयॉर्कमध्ये बंद केली आणि दरनियंत्रणामुळे गुंतवणूक परवडत नाही असे जाहीर केले. बातमी मोठी झाली. तपशील पाहिला तर या राज्यात घरगुती ग्राहकांसाठी कंपनीचे तारेचे जाळे नाहीच. बंद झाली ती मोबाइलच्या मनोऱ्यांवरून चालणारी, २०२३ मध्ये आणलेली नवी सेवा. ज्यांचे अब्जावधी डॉलर जमिनीखाली पुरलेले आहेत त्या चार्टर, व्हेरायझन, ऑप्टिमम यांनी राज्य सोडले नाही. पुरलेली तार उपटून नेता येत नाही. तरी आक्षेपातला खरा अंश असा, की पुढची नवी वायरलेस सेवा आणणारी कंपनी न्यूयॉर्कला यादीत खाली ठेवू शकते. गुंतवणुकीबद्दल मात्र एक हिशेब सांगायला हवा. राज्याने २०२२ मध्ये जाहीर केलेला एक अब्ज डॉलरचा कार्यक्रम आणि केंद्राच्या ४२.४५ अब्जांच्या योजनेतून न्यूयॉर्कच्या वाट्याला ठरवलेले ६६ कोटींहून अधिक डॉलर, हा सगळा जाळे पसरण्यासाठीचा लोकांचा पैसा. सार्वजनिक पैशाने पसरणाऱ्या जाळ्यावर सार्वजनिक अट नको, हे म्हणणे गळी उतरत नाही. लहान ग्रामीण कंपन्यांची अडचण वेगळी होती. वीस हजारांपर्यंत घरांना सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूट मिळण्याची सोय कायद्यात तिच्यासाठीच ठेवली होती.

कायदा निर्दोष आहे असे मात्र नाही. २०२१ मध्ये २५ एमबीपीएस म्हणजे केंद्राच्या व्याख्येतले ब्रॉडबँड होते. मार्च २०२४ मध्ये एफसीसीने ती व्याख्या १०० वर नेली, आणि न्यायालयीन वनवासातून परतलेला कायदा तोवर चौथाई वेगावर उभा होता. तीन मुले एकाच वेळी अभ्यासाला बसणाऱ्या घराला वीस डॉलरचीच योजना घ्यावी लागेल. शिवाय योजना ठेवण्याची सक्ती आहे, तिची दवंडी पिटण्यात कंपनीला काडीचा रस नाही; संकेतस्थळाच्या तळाशी लपवलेली सवलत आणि नसलेली सवलत यांत फार अंतर उरत नाही. स्वस्त दराने जुना लॅपटॉप नवा होत नाही, आजीला ऑनलाइन अर्जही भरता येत नाही. ही कामे सरकारी पैशानेच होतील आणि अनुदानाची खरी जागा तिथे आहे. न्यूयॉर्क शहराने २०२२ मध्ये सरकारी वसाहतींतल्या घरांचे इंटरनेट बिल स्वतः भरायला घेतले, तेही कंपन्यांशी मुदतीचे करार करून. मुदतीचे करार संपतात.

न्यूयॉर्कचे पाहून इतर राज्ये हललीही. कॅलिफोर्नियात २०२५ च्या सुरुवातीला आमदार टॅशा बोर्नर यांनी १५ डॉलरचेच, पण १०० एमबीपीएसचे विधेयक मांडले आणि खालच्या सभागृहाने ते संमत केले. जूनमध्ये ट्रम्प प्रशासनाने ४२.४५ अब्जांच्या जाळेबांधणी योजनेचे नियम बदलले. अनुदानित कंपन्यांनी स्वस्त योजनेचा दर स्वतः ठरवायचा, राज्याने नाही. असा कायदा असलेल्या राज्याचा निधी अडकू शकतो, हा इशारा कॅलिफोर्नियाच्या राजधानीपर्यंत, सॅक्रामेंटोपर्यंत पोहोचला. कॅलिफोर्नियाच्या नावावर १८६ कोटी डॉलर होते. जुलैमध्ये बोर्नर यांनी विधेयक बाजूला ठेवले. न्यायालयात जी अट कंपन्यांना हटवता आली नाही, ती दुसऱ्या राज्यात उगवण्याआधीच अनुदानाच्या धाकाने खुडली गेली.