ग्लास खाली ठेवा, मग बोलू!

वाइन चाखायला कान लागतच नाहीत. रंग डोळ्यांना, वास नाकाला, बाकीचं जिभेला. कर्णबधिर मंडळींची पंचाईत होते ती टेस्टिंगच्या आखणीत. माहिती देणारा बोलत असतो तेव्हाच सगळे ग्लास फिरवून हुंगत असतात. अशा वेळी दुभाष्याच्या खुणा पाहायच्या की ग्लास? म्हणून आधी सगळं सांगून घ्यायचं, मग चाखायचं. आणि सेलरमधला तो रोमँटिक अंधार नको. हात नि चेहरा दिसले पाहिजेत.

गंमत पुढे आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेत अक्षरं एका हातानं दाखवतात, भारतीय आणि ब्रिटिश भाषांत दोन्ही हातांनी. म्हणजे वॉशिंग्टनचा पाहुणा ग्लास धरूनच ‘शेनिन ब्लाँ’ अक्षरी सांगेल. नाशिककराला मात्र ग्लास टेबलावर ठेवावाच लागणार.

टॅनिन समजावताना तर खुणांची भाषा बाजी मारते, असं माझं ठाम मत. रेड वाइन सालीबियांसकट आंबवतात, तिथून टॅनिन उतरतं आणि कच्च्या जांभळासारखं हिरड्या आवळतं. गाल आत ओढले, बोटं आखडली, की झालं! व्हाइटमध्ये रस आधीच सालींपासून वेगळा करतात, म्हणून हा तुरटपणा जवळपास नसतो.

नाशिकला जाणार असाल तर द्राक्षतोडणी गाठा, साधारण जानेवारी ते मार्च. गोल टेबल मागा, म्हणजे सगळ्यांना एकमेकांचे हात दिसतील. दुभाष्याला वाइनची नावं आदल्या दिवशीच पाठवा. ‘गेवुर्झट्रामिनर’ ऐनवेळी बोटांवर उतरवायला लावणं म्हणजे शुद्ध छळ!